लोणच्याच्या फोडी मऊ का पडतात?

प्रश्न : परड्यातल्या रायवळ आंब्याच्या कैऱ्यांचं लोणचं घालतो. गेल्या वर्षी आषाढातच फोडी मऊ पडल्या, वर पांढरी बुरशीही आली. कुठं चुकलं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ही दोन दुखणी वेगळी आहेत. मऊ पडतात त्या बहुधा पाडाला आलेल्या कैरीच्या फोडी. बाठा धरलेली, पण आतून पांढरी आणि कडक कैरी घ्या. गर पिवळसर दिसला की ती बाजूला. वळवानं पाडलेल्या कैऱ्याही लोणच्याला नकोत, मार लागलेल्या जागेपासूनच नासायला सुरुवात होते. त्यांचा चांगला भाग कापून कडकडीत वाळवा, आमचूर होईल.

बुरशी येते ओलीमुळं आणि कमी मिठामुळं. कैऱ्या धुऊन, कोरड्या पुसून मगच फोडायच्या. किलोभर फोडींना २०० ग्रॅम मीठ आणि २ चमचे हळद (सांगलीचीच, हे काय सांगायचं!) चोळून रात्रभर ठेवा. सकाळी १०० ग्रॅम मोहरीची डाळ, ७५ ग्रॅम तिखट, तळून कुटलेली १५ ग्रॅम मेथी आणि १० ग्रॅम हिंग मिसळा. साधारण ४०० मिली तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करा. गरम ओतलं तर फोडी शिजतात.

तेल फोडींच्या वर बोटभर हवं. मसाला तेल पितो, पातळी उतरते, म्हणून चौथ्या दिवशी बरणी उघडून बघा आणि लागेल तसं तापवून गार केलेलं तेल घाला. उघड्या राहिलेल्या फोडीवरच बुरशी धरते. वरचा थर काढून बाकीचं खाऊ नका, टाकून द्या. मीठ कमीच हवं असेल तर लोणचं थोडं घाला आणि फ्रीजमध्ये ठेवा.