पाणघोड्याचा हौद आखताना आधी गटार आखा

प्रश्न असा होता: "आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी 'आफ्रिकन पाणथळ' हा विषय घेतलाय. पाणघोडे, पिग्मी पाणघोडे, नाईल मगरी आणि सिटाटुंगा हरणं एकाच मोठ्या तळ्यात ठेवायची आणि लोकांना पाण्याखालचं दिसेल अशी २० मीटर लांब काच लावायची, असा विचार आहे. सुरुवात कुठून करू?"

गटारापासून करा. थट्टा करत नाहीये.

मी आर्किटेक्ट नाही. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणा बसवणं हा माझा धंदा. सोसायट्यांचे एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प), हॉटेलं, पोहण्याचे तलाव अशी कामं करता करता एकदा एका प्राणिसंग्रहालयाचं (नाव नको) पाणघोड्यांच्या हौदाचं काम आलं. दोन जनावरं, दीडेक मीटर खोल हौद, आणि तक्रार एकच: पाणी कायम मटकीच्या कटासारखं. मी मनात म्हटलं, स्विमिंग पूलच आहे, थोडा मोठा. नेहमीचे सँड फिल्टर लावले. चौथ्या दिवशी पंप गरम, प्रेशर गेजचा काटा टोकाला, आणि फिल्टरचं झाकण उघडलं तर वाळूवर टीचभर जाड घोंगडं. हाताने सोलून काढता येत होतं. जवळ धरून पाहिलं तर गवताच्या बारीक काड्याच काड्या, एकमेकींत विणल्यासारख्या.

पाणघोड्याचं पोट तीन कप्प्यांचं असतं, पण तो गाईसारखा रवंथ करत नाही. रात्री बाहेर येऊन ४० किलोच्या आसपास गवत खातो आणि दिवसभर पाण्यात पडून ते सोडतो, शेपटी पंख्यासारखी फिरवत, चारी दिशांना. केनियातल्या मारा नदीत सुमारे ४,००० पाणघोडे आहेत आणि ते रोज साडेआठ टनांच्या घरात (सुकं वजन) अर्धवट पचलेला चारा नदीत टाकतात, असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. भागाकार केला तर जनावरामागे दोन किलोच्या वर सुका चोथा. नदी आटली की तिथल्या डोहांतला प्राणवायू संपतो आणि पहिल्या पुराबरोबर ते पाणी खाली गेलं की मासे मरतात. वाहत्या नदीची ही गत, तर तुमच्या बंद हौदाचं काय होईल ते बघा.

म्हणून क्रम असा लागतो. तळाला सगळीकडून एका खोलगट जागेकडे उतार. तिथून मोठ्या व्यासाची, वळणं न घेता जाणारी पाइप. पंपाच्या आधी फिरत्या जाळीचा ड्रम फिल्टर, म्हणजे चोथा कुटला जाण्याआधीच बाहेर पडतो. एकदा का तो पंपाच्या पात्यांत सापडला की त्याचा काढा होतो आणि मग कुठलीच जाळी त्याला धरत नाही. त्यानंतर वाळू, मग पाणी निर्जंतुक करायला ओझोन. क्लोरीनचा विचार सोडा. इतक्या सेंद्रिय घाणीत तो लगेच खर्च होतो, वर डोळे चुरचुरणारे वायू तयार होतात. आणि फिल्टर बॅकवॉशचं, म्हणजे उलटा प्रवाह सोडून फिल्टर धुतल्याचं, पाणी कुठे जाणार, तेही नकाशात दाखवा. माझ्या कामात ते कुणीच विचारात घेतलं नव्हतं (मीसुद्धा), आणि शेजारच्या सांबरांच्या आवारात दोन दिवस चिखल झाला होता.

आकडा डोळ्यांसमोर हवा म्हणून सांगतो. १५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल हौद म्हणजे सव्वादोन लाख लिटर, दहा हजार लिटरचे साडेबावीस टँकर. जुनी पद्धत म्हणजे ठरावीक दिवसांनी हे सगळं सोडून द्यायचं आणि पुन्हा भरायचं. उन्हाळ्यात ज्या शहरात माणसांना दिवसाआड पाणी येतं, तिथे हे कुठल्या तोंडाने करणार?

आता काच. पाण्याखालून पाणघोडे दाखवायची कल्पना अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलेडोच्या प्राणिसंग्रहालयात १९८६ साली मोठ्या प्रमाणावर उतरली. गाळलेल्या स्वच्छ पाण्यामुळेच ते जमलं. त्याच राज्यातल्या सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मी २०१९ मध्ये गेलो होतो, बहीण तिकडे राहते म्हणून. लोक फिओना या तिथल्या प्रसिद्ध पाणघोड्याच्या मादीसाठी गर्दी करून उभे होते आणि मी पाण्यातले कण बघत होतो. बहीण वैतागली. पण फिओना तळावरून चालत आली तेव्हा मीही गप्प झालो. पाणघोडा पोहत नाही, हे मी वाचलं होतं. तो तळाला पाय लावून उड्या घेत चालतो. अर्धा-पाऊण टन वजनाचं ते धूड, आणि पाण्याखाली त्याची चाल चंद्रावर चालणाऱ्या माणसासारखी. नाकपुड्या घट्ट मिटलेल्या, ओठांवरचे राठ केस काचेला टेकलेले. तेव्हा काच हवीच, याबद्दल वाद नाही.

फक्त २० मीटर कशाला? दोन मीटर खोल पाण्याचा काचेच्या दर मीटर लांबीवर दोन टन रेटा असतो, म्हणजे तुमच्या काचेवर नुसतं पाणी उभं असताना ४० टन. त्यात जनावराची धडक वेगळी धरायची. पाच-सहा मीटरच्या दोन खिडक्या करा, तिसऱ्या बाजूला सलग भिंत ठेवा. नर काचेकडे पाठ करून शेपटी फिरवतो तेव्हा आतून काच पुसायलाही सोय लागते. आणि वर सावली धरा. स्वच्छ पाण्यावर आपलं ऊन पडलं की आठवड्यात शेवाळं धरतं, मग ओझोन असून नसल्यासारखा.

सावली जनावरालाही हवीच. पहिल्या दिवशी मला मादीच्या मानेवर लालसर ओघळ दिसले. मी घाबरून कीपर काकांना हाक मारली, "काका, हिला लागलंय!" ते हसले. म्हणाले, "ते रक्त नाही साहेब, तिचं तेल आहे." पाणघोड्याच्या कातडीतून पाझरणारा हा स्राव उन्हापासून आणि जंतूंपासून बचाव करतो. त्यातली लाल आणि नारिंगी रंगद्रव्यं २००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी ओळखली. तरीही कातडी कोरडी पडली की भेगा पडतात. म्हणून रात्रीच्या घरातही लहान हौद लागतो. बहुतेक विद्यार्थ्यांच्या नकाशात तिथे नुसत्या कोरड्या खोल्या असतात.

हौदात उतरायला पायऱ्या नकोत, लांब उतार हवा. बाहेर पडायच्या वाटा किमान दोन. एकच असली की वरचढ जनावर ती अडवून बसतं आणि दुसरं पाण्यातच कोंडतं. फरशी घसरडी नको, पण खरखरीतही नको, तळवे सोलतात. पाण्याची पातळी हवी तशी कमी-जास्त करता आली पाहिजे. फिओना २०१७ च्या जानेवारीत सहा आठवडे आधी जन्मली, वजन फक्त १३ किलो. तिला आधी उथळ पाण्यात आणि मग हळूहळू वाढवत खोल पाण्यात नेलं. तिच्या आईला, बिबीला, गर्भनिरोधक चालू असतानाही २०२२ मध्ये फ्रिट्झ झाला. तेव्हा दोन जनावरांसाठी चार खोल्या काढा. हा प्राणी पुष्कळ जगतो, अमेरिकेतल्या इव्हान्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयातली पाणघोड्याची मादी डोना ६१ वर्षांची होऊन २०१२ मध्ये गेली. तुमचे पंप मात्र इतके टिकणार नाहीत. ते बदलायला क्रेन कुठून येईल तेही बघून ठेवा.

कुंपणाचं त्यामानाने सोपं आहे. पाण्याबाहेर पाणघोडा उडी मारत नाही, छातीइतकी भक्कम भिंत पुरते. पण जमिनीवर तो ताशी ३० किलोमीटरने धावतो, त्यामुळे माणूस निसटेल आणि जनावर अडकेल अशा फटी कीपरच्या वाटेवर ठेवायच्या.

राहिला एकत्र ठेवण्याचा प्रश्न. नको. नदीत पाणघोडे आणि मगरी शेजारी पडलेले दिसतात, पण मगर पिल्लू उचलते आणि मोठा पाणघोडा मगरीला चिरडतो. नदीला पळायला जागा असते. पिग्मी पाणघोडा हा लहान आकाराचा पाणघोडा नव्हेच, पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातला वेगळा, एकांडा प्राणी. थायलंडच्या मू डेंग या पिग्मी पिल्लामुळे २०२४ पासून सगळ्यांना तो हवाय, पण त्याला उथळ ओहोळ आणि दाट झाडी लागते. सिटाटुंगाचे लांब, फाकलेले खूर दलदलीवर चालण्यासाठी असतात आणि संकटात ते नाक तेवढं वर ठेवून पाण्यात दडतं. त्याला वेत-पपायरस हवा, आणि ते पाणघोड्याच्या शेजारी आठवडाभरही टिकणार नाही. हौद चार करा, मधल्या भिंती नजरेआड लपवा आणि बघणाऱ्याच्या नजरेत चारही एका रेषेत येतील असं बसवा. गटारं चारही वेगळी.

एक दिवस मुंबईच्या राणीच्या बागेत सकाळी उघडल्या उघडल्या जा आणि पाणघोड्यांसमोर तासभर बसा. बहुतेक वेळ ते झोपलेलेच दिसतील. लोक "हलत नाही" म्हणून पुढे जातील. तो रात्रीचा प्राणी, आपण त्याला दहा ते पाच बघायला जातो. म्हणून संध्याकाळी, तो चरायला निघतो तेव्हा, बघता येईल अशी एक जागा जमिनीच्या बाजूने काढा. पाण्यापेक्षा ती जमीनच तुमच्या कल्पनेत कमी पडलीय असं मला वाटतं.

सेक्शन (उभा छेद) तयार झाला की इथे टाका, गटाराच्या लेव्हलसकट.