कृत्रिम म्हणजे खोटं नव्हे

वेंगुर्ल्याच्या एका शिक्षकांचा प्रश्न : '२०१८ सीएन ४१' हा नवा लघुग्रह म्हणून जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी यादीतून काढला गेला, कारण ती निघाली २०१८ साली अवकाशात सोडलेली टेस्ला मोटार. आम्ही शाळेच्या फळ्यावर 'कृत्रिम लघुग्रह' लिहिलं. मुख्याध्यापकांनी ते पुसून 'कृत्रिम उपग्रह' केलं. बरोबर कोण?

कोणीच नाही. उपग्रह हे नातं आहे. कोण कोणाभोवती फिरतं ते त्यातून कळतं. ही मोटार सूर्याभोवती फिरते, तेव्हा ती पृथ्वीचा उपग्रह नव्हे. आणि घडवलेली वस्तू मुळात लघुग्रहच नव्हे, म्हणून तुमचा शब्दही बाद. (उपग्रह याचा संस्कृतात 'कैदी' असाही अर्थ आहे. तो मोह आज आवरतो.)

माझं डोकं फिरलं ते पत्राच्या शेवटच्या ओळीने : 'कृत्रिम म्हणजे शेवटी खोटंच ना?' नाही हो! कृत्रिम हसू, कृत्रिम दागिने असं ऐकून ऐकून सगळ्यांचा हा समज झालाय. पाणिनीकडे जा. धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मुळांच्या यादीत, ज्या धातूंना 'डु' ही खूण आहे, त्यांना 'क्त्रि' प्रत्यय लागतो, आणि हा क्त्रि एकटा कधी हिंडत नाही, 'म' सोबत घेऊनच येतो. डुकृञ् पासून कृत्रिम, म्हणजे करण्यातून झालेलं. डुवप् पासून उप्त्रिम, पेरण्यातून झालेलं. डुपचष् पासून पक्त्रिम, पिकवण्या-शिजवण्यातून झालेलं. मनुस्मृतीतल्या बारा पुत्रांत 'कृत्रिम' पुत्र आहे. तो खोटा मुलगा नव्हे, आपला म्हणून केलेला मुलगा. त्याच्या शेजारीच दत्त्रिम बसलाय, दिलेला.

पक्त्रिम हा शब्द कोकणाने सोडला याचं मला फार वाईट वाटतं. अढीत घातलेला हापूस याहून दुसरं काय आहे? पाडाचा आंबा झाडावरच पिकू लागतो, अढीतला माणूस पेंढ्यात घालून पिकवतो. बाजारात 'कृत्रिम पिकवलेला नको' म्हणणारे अढीतलाच आंबा हुंगून घेतात. त्यांचा राग कार्बाइडवर, शिव्या मात्र खातो पाणिनीचा प्रत्यय.

जे कोश 'कृत्रिम' पुढे पहिलाच अर्थ 'बनावट' असा देऊन मोकळे होतात, त्यांना माझा एकच सवाल : जर्मन बनावटीचं यंत्र खोटं असतं का? बनावट म्हणजेही घडणच. नोटांच्या संगतीत तो शब्द बिघडला. एक स्नेही म्हणतात, वापराने बदलला तो अर्थ बदललाच. मग त्यांनी चिपीच्या विमानतळालाही खोटा म्हणावं. तोही माणसानेच केलाय.

माझी सूचना जुनीच आहे आणि कोणी मानत नाही. आकाशातल्यांना रायवळ आणि कलमी म्हणा. आपोआप उगवलं ते रायवळ, माणसाचा हात लागला ते कलमी. कलमाला खोटं झाड म्हणण्याची हिंमत देवगडात कोणी करून दाखवावी.

दुर्बिणीत मात्र दोघंही सारखेच, सरकणारा ठिपका. सप्टेंबर २०२० मध्ये हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला '२०२० एसओ' दिसला. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी संशय यावा इतकी जुळत होती. शिवाय सूर्यप्रकाशाच्या दाबाने एखादा दगड ढळेल त्याहून तो जास्त ढळत होता. वाऱ्यावर रिकामी करवंटी हलते, जांभा दगड हलत नाही, तसंच. कक्षा मागे मोजत नेली तर १९६६ चा सप्टेंबर आला, चंद्राकडे निघालेल्या सर्व्हेयर २ यानाच्या उड्डाणाचा महिना. त्या यानाला नेणाऱ्या रॉकेटचा सेंटॉर नावाचा वरचा टप्पा होता तो, पोकळ. त्याच्यावरून आलेला प्रकाशही १९७१ सालच्या दुसऱ्या एका सेंटॉर टप्प्याशी जुळला. एकदम कलमी!

'२००६ आरएच १२०' ची गत उलटी. आधी वाटलं रॉकेटचा तुकडा, निघाला अस्सल दगड, आणि काही महिने पृथ्वीभोवती फिरून गेला. म्हणजे तेवढे महिने तो रायवळ उपग्रह. मुख्याध्यापकांना त्यांचा आवडता 'उपग्रह' शब्द वापरायचाच असेल तर तो इथे चालेल.

फळ्यावर काय लिहायचं ते राहिलंच. 'सूर्याभोवती फिरणारी मोटार' लिहा. पोरांना तेच आवडेल.