आईला एंडोमेट्रिओसिस, मग मुलीची जनुक तपासणी?

प्रश्न : माझं चॉकलेट सिस्टचं ऑपरेशन झालंय. सतरा वर्षांची मुलगी पाळीत दोन दिवस अंथरुणाला खिळते. रोगप्रतिकारशक्तीच्या जनुकांची तपासणी करावी का? – एक वाचक, राजवाडा, इंदूर

उत्तर : नको, पैसे वाचवा. चॉकलेट सिस्ट म्हणजे अंडाशयातली एंडोमेट्रिओसिसची गाठ; या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात. आई किंवा बहिणीला हा आजार असेल तर धोका वाढतो, हे खरं. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार धोक्यातला निम्मा वाटा आनुवंशिक आहे. पण तो एका जनुकाचा नव्हे. 2023 च्या मोठ्या अभ्यासात 42 जनुकीय जागा सापडल्या; प्रत्येकीचा परिणाम अगदी किरकोळ.

प्रतिकारशक्तीचा संबंध असा : पाळीचं थोडं रक्त बहुतेक बायकांत गर्भनलिकांवाटे पोटात उलटं जातं. त्यातल्या पेशींना प्रतिकारशक्तीच्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ साफ करतात. या आजारात त्यांची मारकक्षमता कमी आढळते. त्यांचा लगाम ठरवणारी केआयआर आणि एचएलए-सी ही जनुकं म्हणून संशयित आहेत, पण वेगवेगळ्या लोकसमूहांतले निष्कर्ष जुळत नाहीत. त्यावरून निदान होत नाही. (सीए-125 या रक्तचाचणीवरूनही नाही.)

त्यापेक्षा तीन महिने नोंद ठेवा : दुखणं 0 ते 10 पैकी किती, शौच-लघवीला दुखतं का, कॉलेज किती बुडलं, कोणती गोळी कधी घेतली. ती घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. अविवाहित मुलीची सोनोग्राफी पोटावरून करतात. त्यात या आजाराचे वरवरचे डाग दिसत नाहीत. म्हणून ‘नॉर्मल’ रिपोर्टवर थांबू नका. गरज पडल्यास एमआरआय. हार्मोनच्या गोळ्या दुर्बिणीच्या ऑपरेशनाआधीही सुरू करता येतात. वेदनाशामक गोळी दुखणं सुरू होताच, जेवणानंतर. दमा किंवा अल्सर असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.