सुई परत का टोचली? रक्ताच्या लॅबबद्दल तुमचे प्रश्न

गेल्या अंकात लिहिलं होतं की लॅबबद्दल काय विचारायचं असेल तर पाठवा, आणि पत्रांचा ढीगच पडला. निम्म्या पत्रांत प्रश्न कमी आणि राग जास्त आहे, पण चालतंय, मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तेवीस वर्षं काढल्यावर शिव्या खायची सवय होते. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चारच घेतलेत.

ताई, माझे वडील ७१ वर्षांचे, साताऱ्यात ॲडमिट होते. सकाळी रक्त नेलं, दोन तासांनी परत काढायला आले, म्हणे सॅम्पल हिमोलाइज झालंय. संध्याकाळी रक्त चढवायचं ठरलं तर ब्लड बँकेनं ग्रुपसाठी आणखी एक वेगळं सॅम्पल मागितलं, लायसनवर ग्रुप छापलेला असताना! हातावर नुसते निळे डाग. लाखांची मशीन घेतात आणि एवढं जमत नाही का? आणि याचं बिल दोनदा लावतात का? — एक मुलगा, कोरेगाव

दादा, वडिलांच्या हातावरचे डाग बघून जीव तुटतो हे खरंय, वय झालं की शिरा दोऱ्यासारख्या होतात आणि सुई लावली की सटकतात. पण तुम्ही ज्याला जमत नाही म्हणताय त्यातलं निम्मं तरी जमल्यामुळंच झालंय, कसं ते सांगते.

हिमोलाइज म्हणजे नळीतल्या लाल पेशी फुटल्या. सेंट्रीफ्यूजमधून, म्हणजे नळ्या गरागरा फिरवायच्या मशीनमधून, नळी बाहेर काढली की वर पातळ मधासारखं पिवळं सीरम दिसायला पाहिजे, त्याच्याऐवजी कोकम सरबत दिसलं की आम्ही समजतो. आता कोकम सरबत झालं तर बिघडलं कुठं? बिघडतं असं की लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं, पेशी फुटली की ते सगळं सीरममध्ये येतं आणि मशीन बिचारं इमानदारीत ६.८ दाखवतं. पेशंटच्या अंगात असतं ४.२. डॉक्टर ६.८ बघून धावपळ करणार, नसलेला आजार उतरवायला इंजेक्शनं देणार, म्हणजे चांगल्या माणसाला आपण आजारी केलं. मशीन लाखाचं असो नाहीतर कोटीचं, नळीत जे आलं तेच ते मोजणार. पेशी फुटतात बारीक सुईमुळं, सिरिंज जोरात ओढल्यामुळं, तेच रक्त सुईतनं दाबून नळीत मारल्यामुळं, आणि नळी हळूच आठ-दहा वेळा उलटीपालटी करायची सोडून ताक घुसळल्यासारखी हलवल्यामुळं. म्हणजे चूक झालेली असते, नाही म्हणत नाही, पण ती बहुतेक वेळा नळी मशीनपर्यंत यायच्या आधीच झालेली असते.

अजून एक प्रकार सांगते. जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं, रक्त गोठू नये म्हणून, आणि ते पोटॅशियमचंच मीठ असतं. दुसऱ्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं की पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम पार तळाला. आमच्याकडं एकदा कॅल्शियम ३ आलं होतं, साडेआठच्या वर पाहिजे असतं ते. ३ म्हणजे माणूस झटके देत पडलेला असणार, मी वॉर्डात फोन केला तर सिस्टर म्हणाली पेशंट खाटेवर बसून भडंग खातोय. तो रिपोर्ट तिथंच थांबवला.

आता ग्रुपचं. ही गोष्ट जुनी आहे, तेव्हा मी ज्या हॉस्पिटलात होते त्याचं नाव सांगत नाही. रात्री अडीचच्या सुमाराला एका बाईंसाठी दोन पिशव्यांची मागणी आली, हिमोग्लोबिन ४, घाई म्हणजे घाई. मी तीन नळ्या लावल्या, अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी (ज्यात पेशींची गाठ होते तो ग्रुप, डीत झाली की पॉझिटिव्ह), फिरवल्या आणि दिव्यापुढं धरून हळूच हलवल्या. बीच्या नळीत तळाची गोळी हलेचना, एक घट्ट गाठ, एच्या नळीत मात्र पेशी धुरासारख्या वर येऊन मोकळ्या झाल्या. म्हणजे बी पॉझिटिव्ह, सरळ. नाव टाकायला रजिस्टर उघडलं तर त्याच बाई तीन वर्षांपूर्वी बाळंतपणाला आलेल्या आणि तिथं लिहिलंय ए पॉझिटिव्ह. ग्रुप काय साडीसारखा बदलत नाही, बोन मॅरो ट्रान्सप्लांटसारखं काही सोडलं तर. मी वर फोन केला, दुसरं सॅम्पल पाठवा. ब्रदर भडकला, मॅडम पेशंट जायला लागलाय आणि तुमची नाटकं चाललीत. मग मी स्वतःच वर गेले. शेजारशेजारच्या दोन खाटांवर दोघी पाटीलच. त्यानं दोघींचं रक्त काढून खिशात टाकलं होतं आणि लेबलं नंतर काउंटरवर येऊन लावली होती. माझ्यासमोर परत काढलं, ए पॉझिटिव्ह. ए ग्रुपच्या अंगात बीविरुद्धच्या अँटीबॉडी जन्मानंतर काही महिन्यांतच तयार झालेल्या असतात, बीची पिशवी लागली असती तर पहिल्या काही मिनिटांतच पेशी फुटायला लागतात, थंडी, पाठीत कळ, लघवी लाल, किडनी बसते, माणूस जातो सुद्धा. सकाळी तो ब्रदर खाली आला, काही बोलला नाही, कॅन्टीनच्या पोह्यांची प्लेट टेबलावर ठेवली आणि गेला.

जुनी नोंद होती म्हणून सापडलं हो. नसती तर? म्हणून दुसऱ्या वेळी, वेगळं काढलेलं सॅम्पल मागतात. लायसनवरचा ग्रुप बऱ्याचदा तोंडी विचारून टाकलेला असतो, त्याच्यावर आम्ही पिशवी देत नसतो.

बिलाचं म्हणाल तर लॅबनं सॅम्पल नाकारलं असेल तर त्याच टेस्टचे पैसे दोनदा लावू नयेत, दिसले तर काउंटरवर विचारा, भांडू नका, विचारा. आणि पुढच्या वेळी रक्त काढणारा "पाटीलच ना?" म्हणाला तर मान हलवू नका, आपल्याकडं वॉर्डात पाटील म्हटलं की चौघं ओ देतात. वडिलांना पूर्ण नाव सांगायला लावा आणि लेबल तिथंच खाटेपाशी लागतंय का एवढं बघा.

भावाला कॉलेजच्या कॅम्पात ओ पॉझिटिव्हचं कार्ड मिळालं होतं. आता हर्नियाच्या ऑपरेशनआधी तपासलं तर म्हणतात हा ओ नाही, बॉम्बे ग्रुप आहे, कुणाचंच रक्त जुळत नाही. आमचं तर मुंबईत कुणी पण नाही! हा काय रोग आहे का? — बहीण, तासगाव

रोग नाही गं, अजिबात नाही, भाऊ ठणठणीत आहे. नाव बॉम्बे पडलं कारण १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो मुंबईत सापडला, मुंबईला राहण्याशी काही संबंध नाही.

लाल पेशीवर एच नावाचा एक पाया असतो असं समज. त्याच्यावर एक बांधकाम केलं की ए ग्रुप, दुसरं केलं की बी, दोन्ही केली की एबी, आणि नुसताच पाया मोकळा राहिला की ओ. भावाच्या पेशींवर हा पायाच नाही, त्यामुळं ए नाही, बी नाही, आणि स्लाइडवर दोन थेंब टाकून बघणाऱ्याला तो ओच वाटणार. कॅम्पवाल्याला दोष देऊ नकोस, त्या तपासणीत ते दिसतच नाही. खरी गंमत उलट्या तपासणीत कळते, म्हणजे पेशंटचं प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरलेलं रक्ताचं पाणी, घेऊन त्यात ओळखीच्या पेशी टाकायच्या. ओच्या माणसाचं प्लाझ्मा ओ पेशींना काही करत नाही, भावाचं प्लाझ्मा मात्र ओ पेशींचीसुद्धा गाठ करतं कारण त्यात एचविरुद्ध अँटीबॉडी आहे. म्हणूनच "ओ सगळ्यांना चालतं" हे वाक्य तुझ्या भावाला लागू नाही, त्याला ओ दिलं तर जिवावर बेतेल. त्याला बॉम्बेच पाहिजे.

भारतात साधारण दहा हजारात एक असा हिशेब सांगतात, युरोपात दहा लाखात एक. आता कामाचं ऐक. आई आणि वडील दोघांकडनं एकेक जीन आला तरच हा ग्रुप होतो, म्हणून सख्ख्या भावंडांत तो असायचा चान्स चारात एक असतो. तू आणि बाकीची भावंडं उद्याच ब्लड बँकेत जाऊन तपासून घ्या, स्लाइडवर नको, पूर्ण तपासणी करा म्हणून सांगा. ऑपरेशन घाईचं नसेल तर भावाचंच रक्त आधी काढून ठेवता येईल का हे डॉक्टरांना विचार, साध्या पिशवीत ते ३५ दिवस टिकतं. हर्नियाला बहुतेक वेळा रक्त लागतच नाही म्हणा, पण विचारून ठेव. आणि ते जुनं ओचं कार्ड फाडून टाक, पाकिटात राहिलं आणि कधी ॲक्सिडेंट झाला तर लोक तेच वाचणार.

मॅडम मला बारावीला ६८ टक्के, नीटची परीक्षा निघाली नाही. मला लॅबचं करायचंय पण पप्पा म्हणतात लघवीच्या बाटल्या धुवायचं काम आहे. माझी लंडनची मावसबहीण म्हणते तिकडं याला बायोमेडिकल सायंटिस्ट म्हणतात. खरं काय? — विटा

दोन्ही खरं आहे. बाटल्या आता धुवाव्या लागत नाहीत, फेकायच्या असतात, पण लघवी, संडास, थुंकी सगळं येतं टेबलावर, नाक मुरडणाऱ्यानं येऊच नये. नाइट करावी लागते, केलेला चहा गार होतो, दिवाळीच्या पहाटे घरी अभ्यंगस्नान चाललेलं असतं आणि तू क्रॉसमॅच लावत असतेस, म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटला जुळतंय का ते बघत असतेस. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सांगलीकडनं येणारी आमची माणसं अडकली आणि जे लॅबमध्ये होते ते तिथंच राहिले, मी तीन रात्री सेंट्रीफ्यूजच्या घरघरीत झोपलेय. पगार सुरुवातीला बघून रडू येईल, मला २००१ साली अठराशे मिळायचे आणि आजही छोट्या लॅबवाले पोरींना फार काही देत नाहीत, हे मला चुकीचं वाटतं आणि मी तोंडावर सांगते.

आणि सुई. मला एकदा टोचलीय, टोपण परत लावताना, जे कधीच लावायचं नसतं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस पहिल्याच वर्षी घे, कुणी सांगायची वाट बघू नकोस. टोचलं तर लपवायचं नाही, साबणपाण्यानं धुवायचं आणि लगेच कॅज्युअल्टीत जायचं, एचआयव्ही होऊ नये म्हणूनची गोळी लागणार असेल तर ती ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागते, जेवढी लवकर तेवढी बरी, आणि २८ दिवस घ्यायची.

शिकायचं म्हणशील तर डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, लवकर होतं, पण जमत असेल तर डिग्रीच कर. बहीण सांगते ते बायोमेडिकल सायंटिस्ट हे इंग्लंडमध्ये कायद्यानं राखलेलं नाव आहे, एचसीपीसी या संस्थेकडं नोंदणी झाल्याशिवाय कुणी ते लावू शकत नाही आणि नुसत्या डिप्लोमावर ते जमणं अवघड. इथं आपल्याला सरसकट टेक्निशियन म्हणतात, नातेवाईक तर "ओ रक्तवाले" म्हणतात. आपल्याकडं पण २०२१ ला अलाइड हेल्थवाल्यांसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीनं काम करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी, केंद्राचा कायदा झालाय, म्हणून कॉलेज निवडताना मान्यतेचा कागद बघ, बाहेरचा फ्लेक्स बघू नकोस. आणि एक, पुढं एखादा मालक म्हणेल की तूच रिपोर्टवर सही मार, तर मारू नकोस. टेस्ट आपण करतो पण सही पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरचीच पाहिजे, डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते स्पष्ट केलंय.

पप्पांना म्हणावं मिरजेला या एकदा. १८९४ साली डॉक्टर वानलेसनी इथं मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून कोकणातनं, कर्नाटकातनं माणसं इथं उपचाराला येतायत, त्यातल्या प्रत्येकाचं रक्त कुणीतरी तपासलंच असेल की.

डेंग्यूत मुलाच्या प्लेटलेट एका लॅबनं ३८ हजार सांगितल्या, त्याच दिवशी दुसऱ्या लॅबनं १ लाख ३५ हजार. कोण खोटं? — इस्लामपूर

बहुतेक कुणीच नाही. काही जणांच्या प्लेटलेट त्या जांभळ्या नळीतल्या ईडीटीएमुळं एकमेकींना चिकटतात, मशीनला तो गठ्ठा प्लेटलेट वाटतच नाही आणि आकडा पडतो. रक्त काढायला वेळ लागून नळीत बारीक गुठळी झाली तरी तेच. अशा वेळी काचेवर पातळ थर देऊन (त्यालाच स्मिअर म्हणतात) मायक्रोस्कोपखाली बघावं लागतं, गठ्ठे, म्हणजे क्लम्प, दिसले की निळ्या टोपणाच्या सायट्रेटच्या नळीत परत रक्त घेऊन मोजतात आणि त्यातल्या औषधाच्या पाण्यानं रक्त पातळ झालेलं असतं म्हणून आकड्यात दहा टक्के वाढवतात. तिसऱ्या लॅबला पळू नका, पहिल्या लॅबला फोन लावून "स्मिअर बघितला का, क्लम्प होते का" एवढंच विचारा. पोराच्या पोटात दुखत असेल, सारखी उलटी होत असेल किंवा हिरड्यांतनं रक्त येत असेल तर मात्र आकडा कितीही असो, फोन पण नको, सरळ डॉक्टरकडं न्या.