ख्रिस्त नेमका कोणासाठी मरण पावला? : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी विजयनगरला राहतो, आयटीत आहे. रात्री यूट्यूबवर इंग्रजी प्रवचनं ऐकतो. एका उपदेशकाने ठासून सांगितलं की ख्रिस्त फक्त निवडलेल्यांसाठी, म्हणजे देवाने तारणाकरता आधीच निवडून ठेवलेल्यांसाठी मेला. आम्हाला तर लहानपणापासून 'देवाने जगावर एवढी प्रीती केली' हेच पाठ. खरं काय?

उत्तर : याला मर्यादित प्रायश्चित्ताचा सिद्धांत म्हणतात. तो प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनच्या नावावर खपतो. पण कॅल्विन 1564 साली वारला आणि हा मुद्दा ठरावात आला तो 1618-19 मध्ये, नेदरलँड्समधल्या डॉर्ट गावी भरलेल्या कॅल्विनपंथी धर्मसभेत. त्याआधी 1610 मध्ये, निवडीबद्दल वेगळं मत मांडणाऱ्या आर्मिनियस या डच धर्मपंडिताच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली होती. ख्रिस्त सर्वांसाठी मेला, मात्र त्याचा लाभ विश्वास ठेवणाऱ्यालाच, हे त्यांतलं दुसरं.

डॉर्टने दिलेलं उत्तर यूट्यूबवाल्यांपेक्षा बरंच सावध आहे, हे कोणी सांगत नाही. ख्रिस्ताच्या मरणाचं मोल अपार, साऱ्या जगाच्या पापांना ते पुरून उरेल, हे सभेने आधी लिहून ठेवलं. मगच म्हटलं की त्या मरणाने ज्यांचं तारण खात्रीने होतं, ते निवडलेले. मोलावरून भांडण नव्हतंच. वधस्तंभावर तारण सर्वांना शक्य झालं, की ठरावीक माणसांचं पक्कं झालं, यावर ते होतं.

वचनं दोन्हीकडे आहेत. उत्तम मेंढपाळ मेंढरांकरता प्राण देतो (योहान 10:11), आणि त्याच अध्यायात येशू समोरच्यांना म्हणतो, तुम्ही माझ्या मेंढरांपैकी नाही. उलट 1 योहान 2:2 म्हणतं की तो केवळ आपल्याच नाही, तर सर्व जगाच्या पापांबद्दल प्रायश्चित्त आहे. मला सर्वांत जास्त अडतं ते 2 पेत्र 2:1. तिथले खोटे शिक्षक स्वतःला विकत घेणाऱ्या स्वामीलाच नाकारतात. म्हणजे विकत घेतलेले, आणि तरी नाशाकडे चाललेले! यावरचे डॉर्टपक्षाचे खुलासे मी वाचले आहेत, ओढूनताणून वाटतात. तेव्हा माझा कौल तुमच्या लहानपणच्या वचनाला. पण म्हणून त्या उपदेशकाला पाखंडी ठरवू नका. त्याची परंपरा जुनी आहे आणि पवित्र शास्त्राचा तिचा अभ्यास कच्चा नाही.

प्रश्न : इंदूरला आलेले कॅनडाचे मिशनरी हेच शिकवायचे का? आमचे आजोबा त्यांच्या शाळेत शिकले.

उत्तर : 1877 पासून इथे आलेले ते लोक प्रेस्बिटेरियन, म्हणजे कॅल्विनच्याच परंपरेतले; 1887 चं इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्यांचंच. त्यांच्या पंथाचा अधिकृत विश्वासांगीकार (श्रद्धेचा लेखी जाहीरनामा) 1646 चा, वेस्टमिन्स्टरचा. निवडलेल्यांखेरीज कोणाचाही ख्रिस्ताने उद्धार केलेला नाही, या आशयाचं वाक्य त्यात स्पष्ट आहे. मात्र याच सुमारास, 1879 मध्ये, स्कॉटलंडमधल्या युनायटेड प्रेस्बिटेरियन मंडळीने खुलासा जोडला की देवाची प्रीती सर्व मानवजातीवर आहे. म्हणजे खुद्द त्या घरातच कुरबुर सुरू झाली होती. पुढे 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन, बाप्टिस्ट, ब्रिटिश मेथडिस्ट एका मंडळीत आले. आज दोन्ही मतांचे नातू एकाच बाकावर बसतात, बहुतेकांना पत्ताही नसतो.

प्रश्न : माझं बाळ जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेलं. बाप्तिस्मा झाला नव्हता. प्रार्थनागटातल्या एका बाईंनी म्हटलं, "ते निवडलेलं होतं की नाही, कोण सांगणार?" तेव्हापासून मी गटात गेलेले नाही.

उत्तर : ताई, ज्या सिद्धांताचा आधार घेऊन त्या बोलल्या, तोही त्यांच्या बाजूचा नाही. डॉर्टच्या ठरावांत पहिल्या प्रकरणाचं सतरावं कलम खास याच दुःखासाठी आहे. बाल्यावस्थेत देवाने बोलावून घेतलेल्या आपल्या लेकरांच्या निवडीविषयी आणि तारणाविषयी विश्वासू आईबापांनी शंका बाळगू नये, असं त्यात म्हटलं आहे. बाप्तिस्म्याची अटही त्यात घातलेली नाही. इतकी कडक म्हणून गाजलेली सभा, पण आईसमोर तिने कोड्यात बोलणं टाळलं. त्या बाईंनी कलम वाचलं नसेल. तरी गप्प बसता आलं असतं. तुमच्या पाळकांना हे कलम दाखवा आणि गटात तेच वाचून दाखवायला सांगा. तुम्ही कधी परतायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, रामबागेतला शेजारी म्हणून विचारतो. आधीच निवड करणारा देव पक्षपाती नाही का?

उत्तर : हा वाद तुमच्याही ओळखीचा आहे. श्रीवैष्णवांत तेंगलै म्हणतात, मांजरी पिल्लाला तोंडात धरून नेते तसा देव तारतो. वडगलै म्हणतात, माकडाच्या पिल्लाने आईला घट्ट धरायला हवं. डॉर्ट मांजरीकडे झुकतं. पक्षपाताच्या आरोपावर त्यांचं म्हणणं असं की दया हा कोणाचाच हक्क नाही, त्यामुळे एकाला मिळाली म्हणून दुसऱ्यावर अन्याय होत नाही. उत्तर तर्काला चोख आहे, पण शेजाऱ्याला तोंडावर देण्याजोगं नाही. 1 तीमथ्य 2:4 म्हणतं की सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. मी तुम्हाला तेच वाचून दाखवीन.

प्रश्न : मी संडे स्कूल घेते. मुलांना 'येशू तुझ्यासाठी मेला' असं म्हणू का? एका तरुणाने वर्गातच हरकत घेतली.

उत्तर : बेलाशक म्हणा. हरकत घेणाऱ्याला सांगा की सुवार्ता भेदभाव न करता सर्वांना सांगावी, हेही डॉर्टनेच लिहिलं आहे. आणि गलती 2:20 मुलांकडून पाठ करून घ्या. पौल तिथे एकवचनात बोलतो, 'ज्याने माझ्यावर प्रीती केली व माझ्याकरता स्वतःला दिले'. निवडीचा प्रश्न मुलं दहावी-बारावीला गेली की आपण होऊन विचारतीलच. त्या तरुणालाच तेव्हा एक रविवार द्या. तयारी करताना त्याला 2 पेत्र वाचावं लागेल.