रक्तात लोह असतं म्हणून ते लाल, मग हातावरच्या शिरा निळ्या का दिसतात?

माणसाचं रक्त निळं कधीच नसतं. तपासणीसाठी दंडाच्या शिरेतून काढलेलं रक्त नळीत नीट बघा, काळपट लाल दिसेल. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे ४ अणू असतात. त्यांनी ऑक्सिजन धरला की रक्त लालभडक, सोडला की गडद. हा रंग नुसत्या लोहाचा नाही, ते ज्या ‘हीम’ नावाच्या कड्यात बसतं त्या जोडीचा. म्हणून ‘रक्तात गंज असतो’ हे चूक. शिरांचा निळेपणा त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशामुळे. (निळं रक्त ऑक्टोपसचं, त्यात तांबं असतं.)

मोठ्या माणसाच्या अंगात लोह जेमतेम ३-४ ग्रॅम. खालची पापणी ओढून आतली बाजू फिकट दिसली, तर हिमोग्लोबिन जरूर तपासून घ्या.