कोहेरन्सचा हिशेब कुठे चुकतो

प्रिय तरुण संशोधकास,

अनेक आशीर्वाद. कोहेरन्स (अवस्थेत सुपरपोझिशन, म्हणजे ० आणि १ यांचं एकत्र असणं, किती आहे ते) आणि एंटँगलमेंट (दोन कणांचं स्वतंत्रपणे न सांगता येणारं क्वांटम नातं) यांचा संबंध समजून घ्यायचा तर आधी शोधनिबंधांचा ढीग उपसू नकोस. दोन क्यूबिट (क्वांटम संगणकातले बिट) घे आणि कागदावर हिशेब मांड.

पहिला क्यूबिट |+⟩ अवस्थेत (|०⟩ आणि |१⟩ यांचं समसमान सुपरपोझिशन), दुसरा |०⟩ मध्ये. पहिला कंट्रोल, दुसरा टार्गेट धरून सी-नॉट (कंट्रोल १ असेल तेव्हाच टार्गेट उलटवणारं गेट) लाव, बेल अवस्था, म्हणजे पूर्ण एंटँगल्ड जोडी, मिळेल. सी-नॉट बेसिसमधल्या (|००⟩, |०१⟩ वगैरे) अवस्थांची नुसती अदलाबदल करतो, स्वतः कोहेरन्स निर्माण करत नाही. म्हणून या हिशेबात तो फुकट. (|०⟩ पासून |+⟩ बनवणारं हॅडमार्ड गेट मात्र फुकट नाही, हे विसरून बरेच निष्कर्ष फसतात.) मग एंटँगलमेंट आलं ते पहिल्या क्यूबिटच्या कोहेरन्समधूनच. कंट्रोल आणि टार्गेट उलटे लागले तर |+⟩ वर सी-नॉटचा काहीच परिणाम होत नाही आणि हाती शून्य येतं. प्रोग्राममध्ये क्यूबिटचा क्रम चुकला की नेमकं हेच घडतं.

आता पहिल्या क्यूबिटमध्ये नॉइज मिसळ. त्याची अवस्था मांडणाऱ्या डेन्सिटी मॅट्रिक्सच्या कर्णावर ०.५, कर्णाबाहेर ०.३. आयगेनव्हॅल्यू ०.८ आणि ०.२, एन्ट्रॉपी (अनिश्चिततेचं माप) ०.७२२ बिट. नुसत्या कर्णाची एन्ट्रॉपी १. वजाबाकी ०.२७८, हा सापेक्ष एन्ट्रॉपीने मोजलेला कोहेरन्स. सी-नॉटनंतर त्याच मापाने एंटँगलमेंटही ०.२७८ च भरतं. पार्शल ट्रान्सपोज (फक्त एका क्यूबिटपुरता ट्रान्सपोज) घेऊन पडताळ: −०.३ ही आयगेनव्हॅल्यू दिसलीच पाहिजे, ऋण किंमत ही एंटँगलमेंटची खूण. ०.२७८ ऐवजी ०.१९३ आलं, तर लॉगॅरिदम २ च्या पायाऐवजी नैसर्गिक घेतला आहेस. भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रेल्टसोव्ह आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे सर्वसाधारण रूपात सिद्ध केलं: जोडीचा क्यूबिट कोहेरन्सविना असेल आणि क्रिया फुकटातल्या असतील, तर एंटँगलमेंट मूळ कोहेरन्सपेक्षा जास्त होत नाही.

खरा सापळा पुढे आहे. |+⟩|+⟩ मध्ये भरपूर कोहेरन्स आहे, पण दोन क्यूबिटांत कसलाही संबंध नाही. म्हणून एकूण कोहेरन्समधून दोघांचा स्वतंत्र कोहेरन्स वजा करायचा. सापेक्ष एन्ट्रॉपीने २ − १ − १ = ०, अगदी बरोबर. कर्णाबाहेरच्या घटकांच्या निरपेक्ष मूल्यांची बेरीज वापरलीस, तर ३ − १ − १ = १, म्हणजे नसलेला संबंध दिसू लागतो. हे माप गुणाकार-अवस्थांवर (एकमेकांशी संबंध नसलेल्या क्यूबिटांच्या अवस्थांवर) बेरजेचा नियम पाळत नाही. तिथे १ + कोहेरन्स ही राशी गुणली जाते. ते वापरायचंच असेल, तर आधी प्रत्येक क्यूबिटची मॅट्रिक्स तिच्या स्वतःच्या आयगेनबेसिसमध्ये (जिथे कर्णाबाहेर काहीच नसतं) आण, म्हणजे वजा करायला काही उरतच नाही.

डिस्कॉर्डही (एंटँगलमेंट नसतानाही उरू शकणारा क्वांटम संबंध) याच वाटेवर भेटतो. दोन्ही क्यूबिटांचे बेसिस स्वतंत्रपणे फिरव, दर वेळी सापेक्ष एन्ट्रॉपीचा कोहेरन्स काढ. सर्वांत कमी येईल तो सापेक्ष एन्ट्रॉपीचा डिस्कॉर्ड. प्रत्येक क्यूबिटचे दोन, असे एकूण चार कोन आहेत. किमान शोधणारा प्रोग्राम स्थानिक खड्ड्यात अडकतो, तेव्हा अनेक यादृच्छिक सुरुवाती दे. पहिला सराव |००⟩ आणि |१⟩|+⟩ यांच्या निम्म्या-निम्म्या मिश्रणावर कर: एंटँगलमेंट शून्य, तरी ही किमान किंमत शून्यावर येत नाही.